हळर्णचा शेवटचा राजा आणि त्याचा जावई

"वाईट सिनेमा सुरू कोणीही करील हो! तो संपवायला छाती लागते, छाती!"

डिचोलीच्या बाजारातल्या हाटेलात पावाचा तुकडा पातळभाजीत बुडवत शिवदास हे वाक्य म्हणायचा, तेव्हा बाजूच्या मेजावरचे लोकही आदराने चहा थांबवायचे. आणि आदर का नसावा? पाळीच्या खाणीवर तो वजनकाट्यावर होता. खाण बंद पडली तेव्हा लोकांनी टेम्पो घेतले, कोंबड्या पाळल्या. शिवदासने वाईट सिनेमे पाहिले! नायिकेचं नाव मध्यंतरानंतर बदलतं तो सिनेमा त्याने पाहिला होता. खलनायक दहाव्या मिनिटाला मरतो आणि ते नायकाला शेवटपर्यंत कोणी सांगतच नाही, तोही पाहिला होता. एकदा तर अख्ख्या थिएटरात तो एकटाच उरला. शेवटी दारावरचा माणूस आत येऊन हात जोडून म्हणाला, "बाबा, तू उठलास तर आमीपण जेवायला जाऊ!" शिवदास उठला नाही. पडद्यावरची शेवटची पाटी वाचून मगच उठला.

त्या हाटेलात चार-पाच जणांचं एक मंडळच होतं. गणपतीची चतुर्थी सरली की पहिल्या रविवारी प्रत्येकाने वर्षभरात पाहिलेला सगळ्यात वाईट सिनेमा सांगायचा, आणि ज्याचा सगळ्यात वाईट ठरेल त्याला चंदेरी रंग लावलेली नारळाची करवंटी मिळायची. नियम एकच, आणि तोही शिवदासनेच केलेला: शेवट पाहिल्याशिवाय कुठल्याही सिनेमाला वाईट म्हणायचं नाही! लागोपाठ चार वर्षं करवंटी शिवदासच्या घरी टीव्हीवर होती. त्याचा दोस्त बाबाजी, बसवर कंडक्टर, चार वर्षं दुसरा येत होता आणि आतल्या आत जळत होता.

आणि अशा माणसाच्या सासऱ्याने सिनेमात काम केलं!

सासरा म्हणजे पार्शे गावचे धाकू. चाळीस वर्षं दशावतारात राजा झालेला माणूस. तरुणपणी राणीही झालेला. त्यांचा आवाज असा, की देवळापुढे राजाने प्रधानाला हाक मारली की वाड्यावरची कुत्री उठून उभी राहायची. पण दोन वर्षांमागे गुडघे गेले, कंपनीबरोबर फिरणं बंद झालं, आणि धाकूंचं बोलणंही बंद झालं. पडवीत बसायचे, काजूच्या बिया वाळत घातलेल्या बघायचे. विचारलं तर "हां", नाही विचारलं तर तेही नाही.

मग त्यांचा भाचा प्रज्योत आला. लग्नाचे व्हिडिओ काढणारा पोरगा, नवा कोरा ड्रोन घेतलेला. "मामा, तुमका घेऊन सिनेमा काढतंय! हळर्णचा शेवटचा राजा!" धाकू पडवीतून उठले ते थेट हळर्णच्या किल्ल्यावर. महिनाभर मोडक्या तटावर शूटिंग. घरी आले की बोलतायत, जेवतायत, सुनेला चिडवतायत!

एप्रिलात काजूच्या ऐन दिवसांत सिनेमा तयार झाला. सकाळी लोक काजू वेचायला जातात म्हणून खेळ रविवारी दुपारी चारला, पार्शाच्या शाळेच्या हॉलात. निघायच्या आधी शिवदासच्या बायकोने, कमलाक्षीने, त्याला दारातच अडवलं.

"तुमी हसायचं नाही."

"मी कशाला हसतोय?"

"तुमचं हसणं माका माहीत आसा. तुमी हसलात की सगळा हॉल हसतो. लोक बाबांवर हसले तर बाबा परत गप्प बसतील. दोन वर्सांनी माझो बाप बोलायला लागलाय, कळलं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शिवदासने छातीवर हात ठेवला. "अगो, चार वर्षं करवंटी काय उगाच मिळाली? कसलाही सिनेमा असूंदे, तोंडावरची रेषा हलणार नाही!"

हॉल भरला होता. जनेलांच्या काचांना काळी कापडं. पुढच्या रांगेत धाकू कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, त्यांच्या लगेच मागे कमलाक्षी आणि शिवदास. आणि दारात कोण? तर बाबाजी! बसची पाळी बदलून आलेला! "सोयऱ्याचा सिनेमा, न बघून कसं चालेल?" असं म्हणत तो शिवदासच्या बाजूला बसला. तो करवंटीवर डोळा ठेवून आलाय ते शिवदासला पुरतं कळलं.

सिनेमा सुरू झाला, आणि पाच मिनिटांत शिवदास ताठ झाला. त्याच्यातला जाणकार जागा झाला. हा साधा वाईट सिनेमा नव्हता. हा अस्सल होता!

ड्रोन नवा असल्यामुळे प्रज्योतने तो खाली उतरवलाच नव्हता. राजा रागावला, दिसली टाळू. राजा रडला, दिसली टाळू. राजकन्या आली, तिचा भांग दिसला. राजा कोण आणि प्रधान कोण हे केसांवरून ओळखायचं!

त्यात दुसरी गंमत. दशावतारात लिहिलेलं काही नसतं. गोष्ट ठाऊक असते, बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. प्रज्योतने एकेक प्रसंग चार चारदा घेतला, आणि धाकूंनी चारही वेळा वेगळाच खेळ केला. एकदा प्रधानाला फाशी दिली. एकदा माफ केलं. एकदा तर खुशीत येऊन आपली मुलगीच दिली! पोराला चारही आवडले. काय सोडायचं ते कळेना, म्हणून त्याने चारही जोडले. त्यामुळे प्रधान फासावर लटकला आणि पुढच्याच मिनिटाला मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभा राहिला!

शिवदासने जीभ चावली. बाबाजीने हळूच कोपर मारलं. कमलाक्षीने दुसऱ्या बाजूने मांडीला चिमटा घेतला. तो रुमाल तोंडात कोंबून बसला.

पण खरा घाव पुढेच होता. इतका वेळ नुसतं संगीत वाजत होतं. आता संगीत थांबलं, राजाने तोंड उघडलं, आणि आवाज आला तो प्रज्योतचा! बारीक, नाकातला, सर्दी झाल्यासारखा! "कोण आहे रे तिकडे?"

झालं होतं असं, की ड्रोनच्या घरघरीत सगळ्यांचे आवाज बुडाले होते. कलाकार जत्रांच्या हंगामात गावोगाव फिरत होते. मग ह्या पठ्ठ्याने गाडीच्या काचा वर करून मोबाईलवर एकट्यानेच सगळ्यांचे आवाज भरले होते! मामांना सांगितलं नाही. का? तर सरप्राईज!

धाकूंची मान किंचित वाकडी झाली. कमलाक्षीने तोंडावर हात नेला. आणि पडद्यावर तोच नाकातला आवाज राजकन्या होऊन म्हणाला, "बाबा, मला नका हो देऊ!"

शिवदासला हसू आवरेना. त्याने रुमालात तोंड खुपसलं, पण खांदे कोण आवरणार? ते गदागदा हलायला लागले. डोळ्यांतून धारा!

मागच्या बाकावरून एक म्हातारी हळहळली, "अरे अरे, जावय रडता मरे!"

"खंय? खंय?"

"तो बघ, पोरीचा ऐकून रडता! किती मायाळू गो!"

म्हातारी स्वतः रडायला लागली. तिचं बघून आणखी दोघी. प्रज्योतने हे बघितलं आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दिग्दर्शकाला आणखी काय पाहिजे! त्याने सिनेमा थांबवला, दिवे लावले आणि माईक घेऊन धावत आला.

"डिचोलीचे सिनेमाचे एवढे मोठे जाणकार आज आमचो सिनेमा बघून रडले! भावोजी, दोन शब्द!"

"नको रे बाबा," शिवदास रुमालातून म्हणाला. लोकांना वाटलं, गळा दाटून आलाय. टाळ्या पडल्या. कोणीतरी त्याला उभं केलं. माईक थेट तोंडाशी आला. त्याने मोठ्या हिमतीने रुमाल काढला, श्वास घेतला, "मी... मी..." एवढं म्हणाला, आणि त्याची नजर समोर पडद्यावर अडकून राहिलेल्या चित्रावर गेली. तिथे फाशी गेलेला प्रधान बोहल्यावर केसांत कंगवा घालून थांबला होता.

तासाभराचं दाबून ठेवलेलं हसू एकदम फुटलं! तेही माईकवर! दोन मोठ्या स्पीकरांतून! "हॅ हॅ हॅ हॅ!" करत तो खाली बसला, आणि अख्खा हॉल फुटला. म्हातारी डोळे पुसता पुसता हसायला लागली. बाबाजी तर बाकावर आडवाच झाला.

हसली नाहीत ती फक्त तिघं. प्रज्योत माईक धरून पांढराफटक. कमलाक्षीने नवऱ्याकडे एकदाच बघितलं, आणि चार वर्षांचा तो करवंटीचा मानकरी जागच्या जागी विरघळला.

आणि तिसरे धाकू. ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. लोकांनी हसू आवरून त्यांना वाट करून दिली. आता हे घरी जाणार, पडवीत बसणार, आणि परत कधी बोलणार नाहीत! आपण काय केलं हे! शिवदासला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा," तो पुटपुटला.

धाकू दाराकडे वळले नाहीत. ते पडद्याशी गेले आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

"हसा हसा. चाळीस वर्सां काम केलंय, पण असलो भिकार खेळ मी पण बघूक ना!" मग त्यांनी भाच्याकडे बघितलं. "पोरा, तू चित्र काढलंस ता काढलंस. पण हो आवाज माझो न्हय. सगळो आवाज बंद कर. चित्र चालू ठेव. आणि माका एक कदेल दी."

कदेल आलं. धाकू खुर्चीत टेकले, दिवे गेले, मुका सिनेमा पुढे सरकला, आणि त्या काळोखात तो आवाज उठला. "कोण आसा रे थंय?" बाहेर कुठेतरी कुत्रं भुंकलं!

मग जे झालं ते शिवदास अजून सांगतो, आणि सांगताना हातातला पाव खाली ठेवतो. धाकूंनी राजा केला, प्रधान केला, सत्तरीत राजकन्या केली! पडद्यावर टाळू आली की राजा आभाळाकडे बघून म्हणे, "देवा, तू वरूनच बघतंस माका ठाऊक आसा. ही टाळू बघून तरी दया कर!" फाशी गेलेला प्रधान मुंडावळ्यांत उगवला, तर प्रधानाच्या आवाजात लगेच, "महाराज, दोर कच्चो निघालो! ह्यो देवाचोच संकेत, आता मुहूर्त चुकवू नकात!" लोक पोट धरून लोळत होते. सिनेमात जेवढ्या चुका, तेवढ्या ह्या माणसाला पायऱ्या! आणि सगळं उभ्या उभ्या, नव्हे, बसल्या बसल्या रचलेलं. आधी ठरवलेला एक शब्द नाही!

आणि मग राजकन्या निघाली. उंचावरून किल्ला दिसत होता, तटावरून चाललेला एक लहानसा भांग दिसत होता. धाकूंनी आवाज खाली आणला. "जा गो बाय. मागे बघू नको. तू बघितलंस तर माका राजा राहूक जमायचा नाय." 

शिवदास रडला. ह्या वेळी खरोखर! खांदे गदागदा हलले. आणि कमलाक्षीने अंधारात त्याच्या मांडीला असा चिमटा काढला, की त्याची खूण आठवडाभर होती.

"अगो, मी रडतोय!"

"गप बसा! मघाशी पण असेच रडत होता!"

सिनेमा संपला तेव्हा लोकांनी धाकूंना खुर्चीसकट उचललं. प्रज्योत मामाच्या पाया पडला. कमलाक्षी बापाच्या गळ्यात पडून रडली. नवऱ्याशी मात्र तीन दिवस बोलली नाही.

पुढच्या रविवारी हळर्णला खेळ झाला. मग कोरगावला, मग पाळीला, असं करत चतुर्थीपर्यंत सात खेळ झाले. मुका सिनेमा, बाजूला कदेल, कदेलात धाकू. शिवदास एकही खेळ चुकवीना. सासऱ्याला गाडीतून न्यायचा, खुर्चीत बसवायचा, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा आणि पहिल्या रांगेत जाऊन तोंड उघडं टाकून बसायचा. "असा माणूस माझा सासरा, आणि मी थिएटरं शोधत फिरत होतो!" असं तो कमलाक्षीला रोज सांगायचा. ती म्हणायची, "आता कळलं!"

चतुर्थी सरली. मंडळ जमलं. शिवदास करवंटी पिशवीत घालूनच आला होता, परत न्यायची म्हणून. त्याने टाळू सांगितली, नाकातला आवाज सांगितला, बोहल्यावरचा प्रधान सांगितला. ऐकता ऐकता हाटेलवाल्याने भजी जाळली! ह्याच्यापुढे कोण टिकणार?

बाबाजीने शांतपणे चहाचा घोट घेतला. "शेवट काय होतो?"

"कुठला शेवट?"

"सिनेमाचा. शेवट."

शिवदास बोटं मोजायला लागला. चित्र तेच, पण पार्शाला राजाने सगळ्यांना माफ केलं होतं. हळर्णला लढाईत प्राण सोडला होता. कोरगावला राज्य सोडून काजूची बाग केली. पाळीला तर खाणीच्या मालकालाच दरबारात बोलावून जाब विचारला, आणि तिथे लोकांनी टाळ्यांनी पत्रे हलवले. सात खेळ, सात शेवट! खरा कुठला, ते धाकूंनाही ठाऊक नव्हतं.

"नियम तुझोच," बाबाजी म्हणाला. "शेवट बघितल्याशिवाय वाईट म्हणायचं नाही."

करवंटी बाबाजी घेऊन गेला. बसमध्ये, ड्रायव्हरच्या डोक्यावर टांगली.

शिवदास घरी आला. टीव्हीवरची रिकामी जागा बघून बसला. कमलाक्षीने सगळं ऐकलं आणि पार्शाला फोन लावला. बापलेक बराच वेळ हसत होती. मग ती आली, जेवणाचं ताट त्याच्यापुढे ठेवलं.

"बाबा म्हणतायत, तुमी वाईट वाटून घेऊ नकात. येत्या आयताराच्या खेळात तुमच्यासाठी शेवट पक्को केलाय. परत बदलायचो ना."

"खरंच?" शिवदासचा चेहरा उजळला. "काय करतो राजा?"

"माईकवर हसला म्हणून जावयाला फाशी देतो," कमलाक्षी म्हणाली. "आणि ह्या खेपेक दोर पक्को आसा."