जवसाचं वंगण

शालीकराम गोंदियाहून प्रशिक्षण घेऊन आला, तो चपला काढायच्या आधीच बोलू लागला. विषय होता वनस्पती तेलाचं वंगण. मशीनचं नेहमीचं तेल सांडलं तर माती ते वर्षानुवर्षं पचवत नाही, तळ्यात गेलं तर मासोळी मरते. बियांचं तेल मात्र मातीत विरून जातं. हे सगळं खरंच होतं. प्रमाणपत्रही खरं होतं, आणि ते सकाळी नाव नोंदवतानाच हातात पडलं होतं.

"घरात डबाभर जवसाचं तेल हाये," तो बायकोला म्हणाला. "कायले मशीनले जहर पाजून राहिली?"

"माझ्या मशीनले हात नोका लावू जी," सुशिलाबाई म्हणाली. केशोरी गावच्या शाळेचे बेचाळीस गणवेश शिवायचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. शाळा उघडायच्या दिवशी ते दिले नाहीत, तर पुढच्या वर्षी काम दुसऱ्याकडे जाणार हे तिला स्पष्ट सांगितलेलं होतं.

ती विहिरीवर गेली आणि शालीकरामने हात लावला. मशीन अशी मऊ चालली की सुशिलाबाईलाही कौतुक वाटलं. मग त्याच्या अंगात भलताच उत्साह संचारला. सायकलची साखळी, दाराची कडी, कुलूप, सगळ्यांना जवसाचं तेल मिळालं. बाजेवरून त्याचे वडील ग्यानीराम काही बोलणार, तर "बाबा, तुमी मधात नोका बोलू, मी ट्रेनिंग करून आलो" म्हणून त्यांना दोनदा गप्प करण्यात आलं. मशीनच्या तेलाची बाटली त्याने शेजारी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या हिरालालला देऊन टाकली, सोबत भाषणही फुकट दिलं. हिरालालने बाटली फळीवर ठेवली.

पुढे सुशिलाबाईच्या माहेरी, नवेगाव बांध या गावी, लग्न निघालं. घराला कुलूप लावून तिघं आठ दिवस तिकडे राहिली. इकडे पाऊस लांबला होता आणि घर भट्टीसारखं तापत होतं.

गुरुवारी परतले, तर कुलपात किल्ली फिरेना. हिरालालने हातोड्याने कुलूप फोडलं. कडी सरकेना, ती लाथेने सरकवली. सुशिलाबाई धावत मशीनपाशी गेली. चाक जागचं हलेना. शाळा सोमवारी उघडणार होती आणि पंधरा गणवेश शिवायचे राहिले होते.

"तेल कमी पडलं असंन," म्हणत शालीकरामने आणखी तेल ओतलं आणि दोन्ही हातांनी चाकाला हिसका दिला. पट्टा निसटून त्याच्याच नाकावर बसला.

"अजून टाका! मोहरी टाकून फोडनीच द्या!" सुशिलाबाई ओरडली आणि लगेच तिला रडू कोसळलं. त्या रडण्याने शालीकराम खरोखर घाबरला. घाबरला की तो दुसऱ्यावर चिडतो. त्याने प्रशिक्षणाच्या मॅडमला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"मॅडम, तुमच्या तेलानं माझं घर बंद पडलं!"

"कोणतं तेल घातलंत?"

"जवसाचं."

"अहो, ते हवेने सुकतं, त्याचा थर धरतो! जेवणानंतर अर्धा तास मी तेच तर सांगत होते. तुम्ही होतात ना?"

त्या दिवशी जेवणानंतर शालीकराम परतीच्या अडीचच्या बसमध्ये होता. त्याने फोन ठेवला.

"जवस लाकडाच्या दाराले लावतेत," बाजेवरून ग्यानीराम म्हणाले. "बैलबंडीच्या आखाले एरंडीचं तेल."

"मंग सांगतले काऊन नाई, बाबा?"

"मी कोठं ट्रेनिंग केलो?"

शालीकराम वाटी घेऊन हिरालालकडे गेला. "वाटीभर डिझेल दे ना गा. मशीन धुवाची हाये."

"मासोळ्या मरतीन ना गा," हिरालाल म्हणाला. पण त्याने डिझेल दिलं, आणि फळीवरची ती बाटलीही जशीच्या तशी परत दिली.

मशीन सुटायला संध्याकाळ झाली. पुढचे तीन दिवस सुशिलाबाई शिवत होती आणि शालीकराम बटणं लावत होता. सोमवारी बेचाळीस गणवेश शाळेत पोचले.

मंगळवारी त्याने प्रमाणपत्र पेटीच्या तळाशी लपवायचं ठरवलं, तर ते मशीनच्या वर भिंतीवर टांगलेलं. लाकडी चौकट नुसती चकाकत होती.

"हे कोनं लावलं?"

"मीनं," सुशिलाबाई पायडल मारत म्हणाली. "उरलेलं जवसाचं तेल चौकटीले चोपडली. अर्धंच टांगनार होती, पन काच पुरीच भेटली."