छत्तीस बाय अठरा

आमच्या फिशटँकमध्ये मासे नऊ: दोन एंजल, दोन काळे मॉली, चार टेट्रा आणि एक सकर. आईने मोजले त्या दिवशी समोरून दिसत होता एक. तोही सकर, म्हणजे काचेला तोंड लावून शेवाळ खाणारा. त्याला घाबरायला सवड नसते. बाकीचे आठ फिल्टरमागे दाटीवाटीने उभे होते, गृहपाठ न केलेल्या मुलांसारखे.

"न दिसणारे मासे कशाला पाळायचे?" आई म्हणाली. "रविवारी तुझी संध्यामावशी येतेय. तोवर निम्मे तरी बाहेर दिसले नाहीत, तर टँक तिच्याबरोबर मोहोपाड्याला."

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून बाबा रोज सकाळी टँकसमोर उभे राहून हजेरी घेतात. त्या दिवशी त्यांनी आठ गैरहजर मांडले.

मी प्राणिशास्त्रात एमएस्सी. कारण माझ्या लगेच लक्षात आलं. टँकची मागची काच उघडी, तिच्यामागे खिडकी, खिडकीपलीकडे गॅलरी, आणि गॅलरीत आई दिवसभर कपडे झटकते. माशांना वाटतं, बगळा झडप घालतोय.

"मागे पार्श्वभूमी लावली की प्रश्न मिटला," मी जाहीर केलं. "रविवारी नऊच्या नऊ दाखवते."

"तू मला बगळा म्हणालीस का गं?" आईने विचारलं.

आधी निळा कागद लावला. टँक रिसॉर्टच्या स्विमिंग पूलसारखा दिसू लागला, पण पोहायला कोणी येईना. मग चंदेरी कागद लावला. एंजल आले आणि स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडून परत गेले. खरी नदीच हवी, असा निष्कर्ष मी काढला. उल्हास नदीवर जाऊन पाण्यातल्या गोट्यांचा फोटो काढला आणि बाबांच्या फोनवरून खालापूरच्या गजाला पाठवला. गजा बॅनर छापतो. तो बाबांचा जुना विद्यार्थी. फोटोखाली मी अगदी नेमकं लिहिलं: "३६ बाय १८. शनिवारी पाहिजे."

"सरांचं काम हाय, झालंच समजा," गजाचं उत्तर आलं.

शनिवारी मी चिकटपट्टी आणायला बाजारात गेले. परत येताना कोपऱ्यावरून आमची बिल्डिंग दिसेना. तिच्या जागी नदी होती. हत्तीएवढे गोटे होते. आणि गोट्यांच्या मधोमध, हात जोडून, बाबा होते.

खाली टेंपो उभा होता. गजा मान वर करून शेवटची दोरी बांधून घेत होता.

"गजा, हे काय आहे?"

"छत्तीस बाय अठरा, मॅडम."

"इंच!"

गजाने डोकं खाजवलं. "आमच्याकडं कुणी इंचात मागतच नाय. सगळं फुटात."

"आणि बाबा कशाला?"

"नुसते दगड बरे दिसत नायत. बॅनरवर माणूस लागतो. सरांचा नमस्काराचा फोटो माझ्या फोनवर होताच. फक्त मिशी काळी केली. बॅनरवर पांढरी मिशी आमी कुणालाच ठेवत नाय."

बाबा खाली आले. त्यांनी मोबाइलवरचा माझा मेसेज वाचला, चष्मा काढला. "एकक कुठंय, तेजश्री?"

मी मेसेज पुन्हा वाचला.

"याचाही मी दर वेळी अर्धा गुण कापायचो," बाबा गजाकडे बोट दाखवत म्हणाले. गजा लाजला.

इतक्यात दुसऱ्या मजल्यावरून रोहिणीकाकूंचा आवाज आला. "मधुकरभावजी, निवडणुकीला उभे राहताय तर राहा. पण माझ्या बेडरूमच्या खिडकीत तुमचा कान आलाय. भरदिवसा दिवा लावून बसलेय मी."

"वहिनी, मी कुठेही उभा नाही."

"मग हात कोणाला जोडलेत?"

दुपारपर्यंत घर भरलं. नाक्यावरचे रिक्षावाले हार घेऊन आले. दत्ता दूधवाला गटाराची तक्रार घेऊन आला. बाबा प्रत्येकाला सांगत होते की हे माशांसाठी आहे. लोक समजूतदारपणे हसत होते.

"मासळी मार्केटचा प्रश्न घेतलाय सरांनी," एकाने दुसऱ्याला समजावलं.

"उभा नाहीये मी," बाबा हळूच मला म्हणाले. "पण गटाराचं त्याचं बरोबर आहे."

चहाचं तिसरं आधण ठेवल्यावर आई उठली. ब्लाउजची मापं घ्यायची टेप आणि मोठी कात्री घेऊन गॅलरीत गेली. तिच्यासमोर बॅनरची मागची पांढरी बाजू होती. तिने कडेने हात घालून तो खेचला, उलटवून पाहिला आणि कापायला सुरुवात केली.

"आई, गोटे तिकडे आहेत! निदान शेवाळाचा भाग तरी घे!"

"हे काळं बरं आहे. डाग पडला तर कळणार नाही."

गजाने डोळे मिटून घेतले. बाबांचा हात आपोआप ओठावर गेला.

तुकडा टँकच्या मागे चपखल बसला. उरलेली नदी गजाने संध्याकाळी उतरवून नेली. मावशी यायच्या आधी, रविवारी सकाळी, मी, आई आणि बाबांनी वेगवेगळी मोजणी केली. तिघांचे आकडे जुळले.

मासे: नऊ. समोरून दिसणारे: नऊ. मिशीसमोर: आठ. नाकपुडीवर: एक.