सशाच्या कानांची पावली

एका जंगलात एक टांकसाळ होती बरं का, बाळांनो! तिथे गेनबा अस्वल पावल्या पाडायचा. पावलीवर सिंहमहाराजांचं तोंड. एका पावलीला बाजारात एक मुळा यायचा. सगळं कसं छान चाललं होतं.

एकदा ठोका घालताना गेनबाला शिंक आली. केवढी? टांकसाळीचं छप्परच हललं! नाणं सरकलं, ठोका दुबार पडला, आणि महाराजांच्या डोक्यावर दोन लांब कान उगवले. थेट सशाचे!

"मेलो!" गेनबा म्हणाला. "महाराज माझ्या कातड्याची सतरंजी करतील."

त्याने धावत जाऊन ती पावली साळूबाई साळिंदरीच्या दुकानात खपवली आणि मुळा घेऊन पळाला.

तेवढ्यात दुकानासमोरच्या फांदीवर डोमशेठ कावळे येऊन बसले. त्यांना जुनीपुराणी नाणी जमवायचा नाद. पावली बघून ते फांदीवरून पडलेच!

"साळूबाई, ही मला द्या. माझं उंबराचं झाड घ्या. फळांसकट!"

झालं! जंगल येडं झालं. आपल्याही पावलीत एखादी चूक सापडते का, म्हणून जो तो पावल्या उलट्यासुलट्या करू लागला. घासलेल्या पावलीला भाव नाही, असं डोमशेठ म्हणाले. मग खारूताईने आपली पावली पानात गुंडाळली आणि तिच्याजवळ श्वास घेणंही सोडलं. पावली कुणी खर्चच करेना. मुळे दुकानात सडले. पोरं उपाशी झोपली.

अखेर महाराजांनी गेनबाला बोलावलं.

"मला कान कुणी लावले?"

"शिंकेने, महाराज," गेनबा म्हणाला.

"त्या पावलीला काय आलं?"

"उंबराचं झाड."

"आणि माझ्या खऱ्या तोंडाला?"

गेनबाने मान खाली घातली. "मुळा, महाराज."

महाराज बराच वेळ आरशात बघत बसले. मग गरजले, "उद्यापासून सगळ्या पावल्यांना कान! गेनबा, तू टांकसाळप्रमुख!"

गेनबाला पगडी मिळाली, खुर्ची मिळाली, शिंकायला तपकीर मिळाली. कानवाल्या पावल्यांचे ढीग लागले. आता त्या घरोघरी, मग त्यांचं कौतुक कोण करणार? कानवाल्या पावलीलाही एकच मुळा येऊ लागला. डोमशेठ अंथरुणाला खिळले. बाकीच्यांनी मात्र पावल्या बाहेर काढल्या, मुळे आणले आणि पोटभर जेवले.

पण एका सकाळी घात झाला. तपकीर संपली होती. गेनबाला शिंकच येईना! ठोका नेमका बसला. पावलीवर महाराजांचं तोंड उमटलं. स्वच्छ, रुबाबदार, बिनकानांचं.

"एवढी ढळढळीत चूक?" महाराज ओरडले आणि गेनबाची पगडी काढून घेतली.

डोमशेठ मात्र अंथरुणातून ताडकन उठले. त्या पावलीसाठी त्यांनी दोन झाडं मोजली, आणि पंख फडफडवत आनंदाने जंगलभर नाचले!

तात्पर्य : बाळांनो, चूक जरूर करावी, पण सगळ्यांच्या आधी करावी. आणि नीट काम करायची अगदीच हौस असेल, तर तेही चुकूनच झालं असं सांगावं.