तिसऱ्या पानावरची पायरी

शुक्रवारी सकाळी खडूसरांनी आपला शोधनिबंध झेरॉक्सवाल्याकडे दिला आणि प्रथम वर्षाच्या वर्गाचं टिपण बढतीच्या समितीकडे. पाकिटं दोन्ही तपकिरी, जाडीही सारखी. बायकोने आदल्या दिवशी बजावलं होतं, "अहो, वर नाव घाला." त्यावर सर म्हणाले होते, "आपलंच पाकीट आपल्याला ओळखू येणार नाही?"

बाहीवर कायम खडू, म्हणून ते खडूसर. बावीस वर्षं ते विद्यापीठात उष्णता शिकवत होते. बढतीच्या अर्जात त्या बावीस वर्षांना दोन गुण होते, त्यातलाही एक हजेरीपट वेळेवर भरल्याचा. एका शोधनिबंधाला मात्र दहा. बढतीची ही शेवटची संधी, म्हणून तीन वर्षांच्या सुट्ट्या खर्ची घालून सरांनी एक निबंध उभा केला होता.

दुपारी घोटाळा ध्यानात येताच ते विभागप्रमुखांकडे धावले.

"पाकीट गेलं समितीकडे," प्रमुख म्हणाले. "पण घाम कसला पुसताय? वाचतंय कोण?"

"आणि वाचलं तर?"

"पानं मोजतात हो. तुमची भरली ना? झालं तर मग."

पण समितीतल्या एका नामांकित संशोधकांची गाडी नेमकी गॅरेजात अडकली आणि हाताशी वाचायला दुसरं काही नव्हतं. सोमवारी सकाळीच त्यांचा फोन आला.

"काय लिहिलंय हो! तीस वर्षं मी उष्णतेवर निबंध छापतोय, पण ती वाहते कशी ते परवा गॅरेजात कळलं."

"म्हणजे गुण..."

"गुण कसे देऊ? सगळंच समजतंय. संशोधन वाटतच नाही."

सरांनी खरा प्रकार सांगितला. संशोधक दिलदार निघाले. "मग उद्यापर्यंत खरा निबंध पाठवा."

खऱ्या निबंधाच्या बेचाळीस प्रती काढून झेरॉक्सवाल्याने त्या शुक्रवारीच वर्गाला वाटल्या होत्या. परीक्षेला येईल या धास्तीने पोरांनी दोन दिवस तो घोटला होता. सर वर्गात शिरताच पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली.

"सर, तिसऱ्या पानावरची ही पायरी कुठून आली?"

"सोपी आहे," म्हणत सर फळ्याकडे वळले. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. खडू मोडला. फळा भरला, पण पायरी काही येईना.

"सर, तुम्हीच सांगता ना, न कळलेली पायरी ओलांडायची नाही म्हणून?"

"सांगतो खरा," सर म्हणाले आणि खुर्चीत बसले.

घरी बायकोने सुचवलं, "तसाच द्या पाठवून. कुणाला कळणार आहे?"

"बेचाळीस जणांना कळलंय."

सरांनी फोन करून निबंध मागे घेतला. बढती गेली.

"चूक काढली कुणी?" संशोधकांनी विचारलं.

"प्रथम वर्षातल्या मुलीने."

ती कुठल्या बाकावर बसते, तेही संशोधकांनी विचारून घेतलं.

आठवड्याने एक जाडजूड तपकिरी पाकीट आलं. वर सरांचं नाव ठळक अक्षरांत, आत संशोधकांचा नवा निबंध आणि एक चिठ्ठी: 'छापायला देण्याआधी तुमच्या पहिल्या बाकावर दाखवून घ्याल का? कुठे बोलू नका.'

सरांनी निबंध चष्मेवालीपुढे ठेवला. पाच मिनिटांत तिचा हात वर आला.

"सर, तुम्ही निदान तिसऱ्या पानापर्यंत तरी पोचला होतात."