कुणी आणलं गं हे?

माझी मंदाआत्या स्वतःलाच भेटवस्तू देते. हौसेनं स्वतःसाठी काही घेणारी माणसं पुष्कळ असतात, त्यात नवल नाही. पण आत्या ती वस्तू कर्जतच्या दुकानातून चकचकीत कागदात बांधून घेते, कडावला घरी आणून तांदळाच्या पिंपामागे ठेवते, चार दिवस तिकडे बघतही नाही आणि पाचव्या दिवशी आम्हा सगळ्यांना बोलावून उघडते. उघडताना तिला खरोखरच आश्चर्य वाटतं.

"अगं बाई! कुणी आणलं गं हे?"

आधी ती पुडकं कानाशी धरून हलवते. "जड हाय. घड्याळ नसंल." मग गाठ सोडते, कागद न फाडता घडी करून ठेवते. आतून थर्मास निघतो. मंगळवारी दुकानात अर्धा तास घालवून तिनंच निवडलेला.

"थर्मास! आता मला बाई कशाला हवा होता? उगंच खर्च करतात माणसं."

माझी आई म्हणते, "अक्का, तुमीच आणलाय ना पण?"

"आणला असंल. मी इसरले. चार दिस कशाला ठेवते मग?"

आत्या आमच्याच अंगणात दोन खोल्यांत राहते. बाबांची आणि पनवेलच्या काकांची ही थोरली बहीण. लग्न होऊन वर्षाच्या आत परत आली; का, ते घरात कुणी बोलत नाही. आजी लवकर गेली, तेव्हा दोन्ही भावांना हिनंच वाढवलं. खालापूरला एका कँटीनमध्ये ती रोज पोळ्या लाटते. येताना कर्जतला गाडी बदलावी लागते आणि तिथंच ते दुकान आहे.

लोक तिला हसतात. मी हसत नाही, कारण मला तिचा हेवा वाटतो. हे लिहायला थोडा संकोच वाटतो, पण खरं आहे. आमच्या घरातली कॉलेजात जाणारी मी पहिलीच. एक कुल्फी खाल्ली तरी मला घरी पोहोचेपर्यंत अपराधी वाटतं. बाबा गवंडीकामाला जातात, त्यांचे सिमेंटनं फाटलेले हात कुल्फी धरून माझ्यापुढे उभे आहेत असं काहीतरी मनात येतं. आणि ही बाई एका टॉर्चवर आठवडाभर खूश असते! दिवसाढवळ्या पेटवून बघते.

मानसशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या होत्या की, विकत घेतलेल्या वस्तूचा आनंद फार टिकत नाही, माणसाला लवकर तिची सवय होते. मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या मॅडम कागद फाडून उघडत असतील."

मी एकदा तिची नक्कलही केली. केसांची क्लिप घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी उघडली, तर आत क्लिपच निघाली. मला मेलं काहीच वाटलं नाही. त्या दिवशी तर हेवा आणखीच वाढला. आनंद व्हायलाही अंगात काही लागतं आणि ते आत्याला मिळालंय, मला नाही, असं वाटलं.

गेल्या महिन्यात मी कोंडाणे लेण्यांकडच्या एका फार्महाऊसवर शनिवार-रविवार वाढपाचं काम केलं. पहिल्यांदाच हातात स्वतःचे पैसे आले. मला एक निळी सॅक घ्यायची होती. माझ्या पिशवीचा बंद तुटला होता, आणि मैत्रिणींच्या सॅक बघून बघून मी दमले होते. पण दोनदा दुकानापर्यंत जाऊन परत आले. पाय आत जाईना. सॅक घेतली आणि क्लिपसारखंच झालं तर? शेवटी आत्याला म्हटलं, "तू चल. तुला जमतं ते."

"त्यात काय जमायचंय?" ती म्हणाली, पण नवी साडी नेसून आली.

दुकानात तिचा थाट बघावा. शेठनी स्टूल पुढे केलं. तिनं माझी सॅक उलटीपालटी केली, चेन दहा वेळा ओढली आणि म्हणाली, "सुमे, पाठीला लावून आरशात बघ. लाजतेस काय? चोरून आणलेत का पैसे?" मी आरशात बघितलं. सॅकवाली मुलगी बरी दिसत होती. मी पैसे दिले.

मग आत्यानं स्वतःसाठी छत्री निवडली. शेठनी सवयीनं ती कागदात बांधली, वर लावायची छोटी चिठ्ठी घेतली आणि पेन उघडून विचारलं, "ताई, या टायमाला कोणाकडनं लिहू? मागल्या वेळेला पनवेलच्या भावाचं झालं."

आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "धाकट्याचं लिवा. भाऊबीज हाय."

धाकटा म्हणजे माझे बाबा. दरवर्षी ते ओवाळून घेतात आणि म्हणतात, "अक्का, पुढल्या साली नक्की."

घरी आम्ही ती चिठ्ठी कधी पाहिलीच नव्हती. बांधलेलं पुडकं आणल्या आणल्या आत्या ती काढून ठेवत असणार.

टमटममध्ये बसल्यावर मी विचारलं, "थर्मास कुणाकडनं होता?"

"आईकडनं. तिला चहा लागायचा सारखा."

"टॉर्च?"

"कँटीनच्या मालकाकडनं. अठरा वर्षं पोळ्या केल्यात. देईल की माणूस."

ती हे इतक्या सहज सांगत होती, जणू पाव्हण्यांची यादी सांगतेय. मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, मला वाटला तो पुन्हा हेवाच. बाबांचा. काही न देता त्यांचं नाव चिठ्ठीवर लागत होतं. आजीचं लागलं. ज्यानं कधी तिचं नावही नीट घेतलं नसेल त्या मालकाचंही लागलं.

"आत्या, माझ्याकडनं कधी काही घेतलंस का गं?"

"नाय."

"का? मी कोणीच नाही का?"

टमटम खड्ड्यातून गेली. तिनं छत्री सावरली.

"येडी का काय! तुझं कशाला लिवू? तू खरंच देशील की."

मी आपलं सहज विचारल्यासारखं केलं, "आत्या, तुझ्या बांगडीचं माप काय गं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात घाईघाईनं पदराखाली लपवले आणि लहान पोरीसारखी हसायला लागली.

"नाय सांगणार," ती म्हणाली. "जा, तुझं तू शोध."