मुंजाजीकाकांची ब्रशवाली मोटर

मुंजाजीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी पंख्याची चौकशी करतात, मग माणसांची. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू फिरवायचा एक लांब पेचकस असतो. त्याचं टोक चालू यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि क्षणभरानं निकाल द्यायचा. लग्नात पंगत बसलेली असते आणि काका मांडवामागच्या जनरेटरपाशी वाकलेले असतात. आमच्या झरीतल्या पिठाच्या गिरणीला, मेडिकलवाल्याच्या फ्रिजला, एवढंच काय, स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीलासुद्धा त्यांनी कान लावलेला आहे. ड्रायव्हर बिचारा खाली उतरून विचारायला लागला, "काका, काय म्हणतीय?" तर काका म्हणाले, "मशीन रोज सांगायलीय, तुमी ऐकनात."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यात दोष नेहमी आपलाच असतो, मशीनचा कधीच नसतो.

माझं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून आहे. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते आणि यंत्रातलं मला इतकंच कळतं की बटण दाबलं की ते सुरू होतं. या घरात राहायला आले त्याच आठवड्यात मी मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट करत होते. मागच्या दारातून एक अनोळखी गृहस्थ सरळ आत आले, त्यांनी मिक्सरला पेचकस लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, ही अमुशापर्यंत हाय." मी हसले. अमावास्येच्या सकाळी चटणी वाटताना मिक्सरमधून धूर निघाला. त्या दिवसापासून मी त्यांना जेवढं मानते तेवढं आमच्या मुख्याध्यापकांनाही मानत नाही, आणि हे मुख्याध्यापकांना माहीत आहे.

काकांची सगळी नोकरी येलदरीच्या वीजघरात गेली. तिथल्या मोठ्या मशीनला अंगाच्या साबणाएवढे कार्बनचे तुकडे बसवलेले. त्यांना ब्रश म्हणतात, पण त्यांचा दात घासायच्या ब्रशशी काही संबंध नाही. फिरत्या कड्यावर ते घासत राहतात, वीज पोचवतात आणि झिजून जातात. ते बघायचे, बदलायचे, त्यांची काळी भुकटी पुसायची, हे काकांचं काम. त्यांच्या दस्त्या, म्हणजे हातरुमाल, धुऊन धुऊन चंद्रकलाकाकूंची बोटं कायम करडी असायची. काकू सांगायच्या, "लोकांच्या हाताला मेंदी चढती, माझ्या हाताला येलदरी चढली."

निवृत्तीनंतर काकांना चैन पडेना. अशात सुट्टीला आलेली माझी भाची तिची रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटरगाडी बंद पडली म्हणून इथंच टाकून गेली. मी ती काकांना दिली. तासाभरानं ते भिंतीपलीकडून ओरडले, "बाई, हिच्यात पन कार्बन हाय! मसुरीच्या डाळीएवढा!" मी धावत गेले. काकांनी तो ठिपका तळहातावर धरला होता आणि डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. आयुष्यभर जे काम केलं तेच कुणीतरी एवढ्याशा जागेत करून ठेवलंय, याचं त्यांना कोण अप्रूप!

मग त्यांनी खरोखरीची गाडी मागवली. खेळणं नव्हे, मोठी माणसं ज्यांच्या शर्यती लावतात तसली, कोंबडीएवढी, रबरी टायरची. नवी मोटर आली की तिचे ब्रश आधी बेताबेतानं घासून बसवून घ्यायचे असतात म्हणे, आणि त्याची एक रीत म्हणजे मोटर पाण्यात बुडवून हळूहळू फिरवायची. काकांनी त्यासाठी हाताशी असलेला तांब्या घेतला. पाणी काजळीसारखं झालं तेव्हा काकू देवघरातून आल्या.

"अवो, ह्या तांब्यातून मी देवाला पानी घालते!"

"देव काय म्हनायलाय?" काकांनी विचारलं. "मोटर तर खुश हाय."

एवढ्यावर भागलं असतं तर ते मुंजाजीकाका कसले! त्यांना कळलं की याच गाड्यांना बिनब्रशची मोटरही मिळते. तिच्यात काहीच घासत नाही. त्यामुळं झीज नाही, ताकद जास्त, वेग तर विचारूच नका. ब्रशवाली स्वस्त, साधी, समजूतदार. बिनब्रशवाली महाग आणि वाऱ्यासारखी. कोणती बरी? या एका प्रश्नावर काकांनी आठ महिने घालवले. भाजीवालीला विचारलं, पोस्टमनला विचारलं, सत्यनारायणाला आलेल्या भटजींना आरतीच्या आधी विचारलं. मला तर रोज. कधी म्हणायचे, "बाई, सगळी उमर घासन्यात गेली. एकदा तरी न घासता फिरनारी मोटर हातात धरायचीय." दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "पर ब्रशवालीनं पोट भरलंय आपलं. तिला कसं सोडावं?"

काकू शेवटी कावल्या. "एवढा इचार तर मला बगायला आल्ते तवा केला न्हाई. मागवा एकदाची, न्हाईतर मीच मागवते!" आणि खरंच, मोबाइल हिसकावून घेऊन त्यांनीच ती बिनब्रशची मोटर मागवली.

पार्सल यायच्या आधीच काकूंच्या अंगावरून वारं गेलं.

परभणीच्या दवाखान्यातून त्या परत आल्या तेव्हा पाय ओढत का होईना चालत होत्या. बोलणं जड झालं होतं, पण समजायचं. उजवा हात मात्र मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे; व्यायामानं आत्ता जेवढं परत येईल तेवढंच खरं, नंतर आशा धरू नका. दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. काकूंनी तो दोन दिवस दाबायचा प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी खाटेखाली लोटून दिला. मी रोज सकाळी त्यांची वेणी घालायला जायची. एकदा म्हणाल्या, "बाई, ह्यो हात आता माझा न्हाई. दुसऱ्या कुनाचा तरी हाय, मी नुसता संबाळायले."

आणि अशात काकांनी ती बिनब्रशची मोटर गाडीला बसवली.

मी रागावले होते, तरी शाळेच्या मैदानावर बघायला गेले, हे कबूल करते. काकांनी रिमोटचा चाप ओढला आणि गाडी दिसेनाशी झाली. मैदानाच्या त्या टोकाला धुळीची एक रेघ तेवढी उठली, आणि काय झालं म्हणेपर्यंत गाडी आमच्या पायाशी येऊन थांबली. ज्वारी काढून परतणाऱ्या बायका डोक्यावरचे भारे तसेच घेऊन उभ्या राहिल्या. काका हळूच म्हणाले, "घासना गेली, बाई. आत काईच घासना गेली." त्यांचा चेहरा मी कधी इतका उजळलेला पाहिला नव्हता. गावातल्या तरुणांनी तिथल्या तिथं ठरवलं की परभणीला होणाऱ्या शर्यतीत काकांनीच उतरायचं आणि झरीचं नाव काढायचं.

घरी परतताना माझ्या तोंडून निघूनच गेलं. "काका, घरातलं माणूस असं बसलंय, तिच्या हाताचं बघायचं सोडून तुम्ही गाड्या काय उडवताय?"

त्यांनी ऐकून घेतलं. "खरं हाय, बाई," म्हणाले आणि घरात गेले.

आठवडाभरानं गावात बोंब झाली. काकांनी बिनब्रशची मोटर काढून टाकली! पुन्हा जुनी ब्रशवाली बसवली! शर्यतीला येत नाही म्हणून सांगितलं! तरुण मंडळी तणतणत आली. काका ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. म्हणाले, "बारीक चाल न्हाई तिच्यात."

"काका, शर्यतीला बारीक चाल कशाला पायजे?"

"मोटर आपली, गाडी आपली. खामखा डोकं खाऊ नका."

मला वाटलं, माझं बोलणं लागलं त्यांना. थोडं वाईट वाटलं, थोडं बरंही वाटलं. शिक्षकी पेशाच असा आहे, कुणी ऐकलं की आपल्याला आपलंच कौतुक वाटतं.

त्या रविवारी कढी घेऊन मी नेहमीपेक्षा लवकर गेले. काकू ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. खुर्चीच्या उजव्या दांड्याला रिमोट सुतळीनं घट्ट बांधलेला. काकूंचा पडून राहणारा हात त्यावर ठेवलेला आणि पहिलं बोट चापात अडकवलेलं. डावा हात रिमोटवरच्या, गाडी वळवायच्या चाकावर. खाली अंगणात गाडी, आणि गाडीशेजारी काका पालथे पडलेले, बनियनला माती, पेचकस मोटरला आणि मूठ कानाला.

"आलं," ते पुटपुटले. "आलं, चंद्रकला. आजून जरा."

मला काहीच दिसलं नाही. बोट हललं नाही, गाडी हलली नाही. पण काकांना मोटर गुणगुणताना ऐकू येत होती. जे बोट डॉक्टरांना हलताना दिसत नव्हतं, ते या माणसाला ऐकू येत होतं. मग गाडी खरंच हलली, वीतभर, मुंगीच्या पावलानं.

काकांनी उठून काकूंचं आवळलेलं बोट चापावरून उकललं आणि मला बघून ते ओशाळले. "पयल्यांदा बिनब्रशवालीवरच दिलं हिच्या हातात," ते म्हणाले. "ती सुरवातीला अडखळती, थरथर करती, आन् मग एकदम उसळती. गाडी तुळशीवर जाऊन आदळली. ही अशी भेली, चार दिवस रिमोटला हात लावना. हिचं बोट केसभर हलायलंय, बाई. केसभर बोटाला केसभर चाल पायजे. ती ब्रशवालीच देती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चेंडू दाबून काय हुतंय? काईच न्हाई. गाडी हलली तर मानसाला दिसतंय की आपन हलवलं."

मैदानावरून परतताना त्यांना सुनावलेलं माझं वाक्य आठवून मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं. आठ महिने ज्या मोटरचा ध्यास घेतला, ती त्यांनी एका आठवड्यात काढून ठेवली होती, आणि गावाला कारणही सांगितलं नव्हतं.

"बोट दाबतंय आता," काका म्हणाले. "पर सुटना गेलंय. एकदा आवळलं की मलाच उकलावं लागतंय."

बोलता बोलता गाडी पुन्हा निघाली होती. अंगण ओलांडून उघड्या फाटकातून ती सरळ गल्लीत गेली. काकूंचं बोट चापावर आवळलेलंच. काका ते सोडवतील असं मला वाटलं, पण ते गाडीच्या मागं निघाले. माणसाच्या चालीनं गाडी पुढं आणि काका मागं. काकू डाव्या हातानं चाक फिरवून ती सरळ ठेवत होत्या. मी ओरडले, "काका, उचला ना ती!"

"कशी उचलू? ती चालवायलीय!"

वाटेत म्हैस आडवी आली, काकांनी तिला बाजूला केलं. कुत्रं भुंकत आलं, त्याला दस्तीनं हाकललं. हॉटेलातली माणसं चहाचे कप धरून बाहेर आली. पाय दुखतात म्हणून दुकानापर्यंत जायला कुरकुरणारे काका मारुतीच्या देवळाच्या पुढं गेले. आता ते कमरेवर हात ठेवून, वाकून चालत होते. ओट्यावरून ते आम्हाला स्वच्छ दिसत होते.

तिथं गाडी थांबली.

काका खाली बसून तिला चाचपू लागले. बॅटरी उतरली असावी असं मलाही वाटलं. तेवढ्यात माझ्याशेजारून काकूंचा आवाज आला. आजारपणानंतर इतक्या मोठ्यानं त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि शब्द जड असले तरी गल्लीच्या टोकापर्यंत पोचले.

"मीच थांबवली! दमलात की ओ! बसा जरा!"

मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. पहिलं बोट चापातून बाहेर येऊन मोकळं झालं होतं.

काका गाडी हातात घेऊन तसेच रस्त्यात बसले. मागून एक ट्रॅक्टर आला आणि थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही, आणि काका दस्तीत तोंड घालून बराच वेळ बसून राहिले.