कलम एकेचाळीस आणि अकरा खुर्च्या

लोककल्याणासाठी निघालेल्या संस्थेला खरा धोका असतो तो लोकांपासून. लोक येतात, काहीतरी मागतात आणि संस्थेची घडी विसकटते. म्हणून शहाणे संस्थापक आधी घटना लिहितात, मग ती कोणी बदलायची ते ठरवतात, आणि उरल्या वेळात कल्याण करतात. (वेळ सहसा उरत नाही.)

रुग्ण साहाय्य मंडळाच्या संस्थापकांनी घटना लिहिण्याचेही कष्ट वाचवले होते. त्यांच्यातले एक गृहस्थ गिर्यारोहकांच्या मंडळात टंकलेखक होते आणि त्यांच्याकडे एक वापरून सिद्ध झालेली घटना तयारच होती. त्यांनी 'शिखर' होतं तिथे 'कार्यालय' केलं, 'दोर' होता तिथे 'कुबडी' केली, आणि चहा निवायच्या आत काम उरकलं. कलम चौदा सांगतं, कुबडी भिजल्यास वाळवून, नीट गुंडाळून ठेवावी. कलम बावीस सांगतं, एका कुबडीला एका वेळी चारपेक्षा जास्त सभासदांनी लटकू नये. सत्तावीस वर्षांत या कलमाचा एकदाही भंग झालेला नाही, हे वार्षिक अहवालात दरवर्षी ठळक अक्षरांत येतं.

कलम नऊनुसार मदत त्यालाच मिळते, जो कार्यालय स्वतःच्या पायांनी गाठेल. हे कलम नुसतं शोभेचं राहू नये म्हणून कार्यालय मुद्दाम तिसऱ्या मजल्यावर घेतलं होतं. पायऱ्या बासष्ट, लिफ्ट नाही. वर अकरा व्हीलचेअर ओळीने उभ्या, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. आजवर तीन अर्जदार वर पोचले. ज्याअर्थी पोचले, त्याअर्थी त्यांना खुर्चीची गरज नाही, असं तिन्ही वेळा एकमताने ठरलं. (तिसरा टपाल द्यायला आला होता, पण एकदा झालेली नोंद खोडत नाहीत.)

घड्याळजी या मंडळाचे सभासद झाले ते भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला गेले तेव्हा. घड्याळाशेजारी घटना चौकटीत लावलेली होती. किल्ली देता देता त्यांनी पाच कलमं वाचली, मान डोलावली आणि खाली उतरले. कलम सहा असं आहे की जो कोणी घटनेतली पाच कलमं वाचेल आणि हरकत घेणार नाही, तो सभासद समजावा. चिटणिसांनी त्याच संध्याकाळी त्यांचं नाव चढवलं. सभासदसंख्या वाढवण्याचा इतका बिनखर्चाचा उपाय दुसऱ्या कुठल्या संस्थेला सुचलेला नाही.

पुढे घड्याळजींची बायको न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ही बाई म्हणजे शाळेत तीस वर्षं कवायत शिकवलेली. तिने 'सावधान' म्हटलं की गल्लीतला दूधवालासुद्धा किटली खाली ठेवून उभा राहायचा. आता सव्वा महिना ती पलंगावर होती आणि शनिवारी चार वाजता शाळेच्या मैदानावर मुलींच्या कवायतीच्या स्पर्धा होत्या. तीस वर्षांत तिने एकही चुकवली नव्हती. ती नुसती खिडकीकडे बघायची, आणि ते घड्याळजींना बघवत नव्हतं.

ते बासष्ट पायऱ्या चढून गेले.

"खुर्ची कोणाला हवी?" चिटणिसांनी विचारलं.

"बायकोला."

"मग वहिनींनी यायला हवं."

"तिला येता येत नाही, म्हणून तर खुर्ची हवी."

"तुमची अडचण समजते हो, घड्याळजी. घटना बदला. मी कधी नाही म्हटलंय?"

चिटणीस माणूस सरळ होता. त्यांनी कलम एकेचाळीस उघडून दिलं. घटनादुरुस्ती सुचवण्याचा अधिकार त्या सभासदाला, जो एक, कार्यालयात स्वतःच्या पायांनी आला आहे. दोन, ज्याचा अर्ज तिथे नामंजूर झाला आहे. आणि तीन, जो सूचना जागच्या जागी खणखणीत आवाजात मांडेल. मग दोन तृतीयांश सभासदांचे हात वर व्हायला हवेत. आधीच्या तिघांनी पहिल्या दोन अटी पुऱ्या केल्या होत्या. तिसऱ्या अटीला दम उरला नव्हता. घड्याळजींचा तर स्वतःचा अर्जच नव्हता.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. केसाएवढा काटा शोधण्यात हयात गेलेला माणूस तो, पहिल्या पानाच्या तळाचा बारीक मजकूर त्याच्यापुढे काय टिकणार! कलम तीन तिथे होतं: निशाण रोवलेलं असेल ते कार्यालय, निशाण वर्षातून एकदाच हलवावं. निशाण दाराच्या कोपऱ्यात उभं होतं, त्यावर चिटणिसांची छत्री वाळत होती.

घड्याळजींनी छत्री अदबीने परत केली, निशाण उचललं, घरी नेलं आणि बायकोच्या पलंगापासून दोन पावलांवर रिकाम्या कुंडीत रोवलं. त्याबरोबर कार्यालय तिथे आलं. कार्यालय आलं म्हटल्यावर दप्तर आलं, कपाट आलं, अकरा खुर्च्या आल्या. शनिवारी दुपारी तीनला, घड्याळजी धरून, एकोणचाळीस सभासदही जमले. त्यातले अकरा मान्यवर, बसायला दुसरं काही नाही म्हणून, व्हीलचेअरवर बसले. (आरामशीर आहेत, असा अभिप्राय नोंदवला गेला.)

आता बायको सभासद होती का? होती. नवऱ्याने घटना वाचून दाखवली तेव्हा तिने हरकत घेतली होती, पण ती ज्या शब्दांत घेतली ते नोंदवहीत लिहिण्यासारखे नव्हते. नोंद नाही म्हणजे हरकत नाही, आणि ती साठावी सभासद झाली.

"अहो, सरका," ती नवऱ्याला म्हणाली, आणि पलंगाचा कठडा धरून दोन पावलं चालली. 'स्वतःच्या पायांनी' म्हणजे दुसऱ्या सभासदाचा आधार चालत नाही, पण पलंग सभासद नाही याची चिटणिसांनी खातरजमा केली. मग तिने अर्ज दिला. चालता येतं या कारणास्तव तो नामंजूर झाला. घड्याळजींना इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पायांनी आलं होतं, नाकारलं गेलं होतं आणि त्याच्यात दमही शिल्लक होता.

"ज्याला चालता येत नाही, त्याला खुर्ची घरपोच द्यावी," ती म्हणाली. मग मैदानावरच्या आवाजात, "हात वर!"

चाळीस हात सटकन वर गेले, तिचा स्वतःचा धरून. साठांचे दोन तृतीयांश चाळीस. दूधवाला सभासद नव्हता, त्यानेही केला होता, तो वजा करूनच हा आकडा आहे. घड्याळजींनी मनगटाकडे पाहिलं. चाराला वीस मिनिटं कमी होती, मैदान दहा मिनिटांवर होतं. चिटणिसांनी 'मंजूर' लिहायला पेन टेकवलं आणि थांबले.

"एक नवीन सभासद झालाय," ते म्हणाले.

त्यांचं चूक नव्हतं. कलम चौदा, बावीस, नऊ, सहा, एकेचाळीस, तीन. पाचाच्या जागी सहा कलमं तुम्ही वाचलीत, मधूनमधून हसलात, हरकत एकदाही घेतली नाहीत. एकसष्टांचे दोन तृतीयांश म्हणजे चाळीस आणि वर थोडे, आणि थोडासा हात वर करता येत नसल्याने एकेचाळीस.

बायको खिडकीकडे बघत नाहीये, तुमच्याकडे बघतेय. घड्याळजी मिनिटं मोजतायत. तिने पुन्हा "हात वर" म्हटलं आणि चाळीस हात पुन्हा वर गेले. तुमचे दोन्ही हात अजून या पानावरच आहेत.